जळल्या डोंगराचा जावई

न्हाई, हसा तुमी! हसायला काय जातंय तुमचं? तुमच्या सासुरवाडीचा डोंगर कुठं जळालाय! तुमास्नी सांगतो, मे महिना आला की लोक फिरायचा बेत करत्यात, बॅगा काढत्यात, पोरास्नी टोप्या घेत्यात, आणि म्या? म्या हितं किकवीत, माझ्या पिठाच्या गिरणीत, कॅलेंडरापुढं उभा! का, तर आमच्या मंडळींनी, मंगलनं, वैशाखातल्या एका मंगळवाराला लाल पेनानं गोल केला हुता. आत काय लिवलं न्हवतं. लिवायची गरजच न्हवती. दर उन्हाळ्याला आमी तिच्या माहेरी जातो, वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला सतरा घरांची वाडी हाय, तितं आठ दिवस मुक्काम. करवंदं खायाची, गार वाऱ्याला अंगणात पडायचं, सासूच्या हातची नाचणीची भाकर हाणायची... आता कुठली करवंदं! औंदा शिमग्याच्या आधी वणवा लागला आणि सगळा डोंगर काळाठिक्कर पडला. वाडीतल्या सोनबाचा गोठा गेला, चार घरांच्या वैरणीच्या गंज्या गेल्या, जनावरं सोडली म्हणून वाचली.

तुमी म्हणाल, सोमनाथराव, मग तर जायालाच पायजे, माणसांच्या पडत्या काळात जायाचं न्हाई तर कवा? बरुबर हाय. शंभर टक्के बरुबर. पण जायाचं कसं, आणि न जायाचं कसं?

जरा जवळ या. अजून जवळ. ते दार लोटा... तो वणवा म्या लावला.

आता बघा, लगेच तोंडं कशी झाली तुमची! अवो, मुद्दाम लावला का? ऐका तर. आमच्या किकवीकडं पाट-पाण्याची शेती. तिकडं वर भाताची. भाताचं रोप टाकायच्या आधी तितं राब भाजत्यात. म्हंजी शेताच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत असं पसरायचं, वर माती भुरकवायची, आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण येत न्हाई, रोप जोमानं येतं. पण पेटवायचं कसं, त्याला रीत हाय. वारा पडल्यावर. आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हंजी जाळ हळूहळू मागं सरकत येतो. औंदा शिमग्याच्या आधी आमी एका दिवसापुरतं वाडीला गेलो हुतो. आमचे सासरे, कोंडिबामामा, त्या दिवशी मला सांगून गेलं हुतं, “जावईबापू, तुमी नुसतं बसा. सांजच्याला वारा पडला की मी येतो, मंग बघू.” सांगून गेलं, खालच्या शेतात.

पण जावई नुसता बसंल का! लगीन झाल्यापासनं त्या वाडीत मला सगळे ‘गिरणीवालं पावणं’ म्हणत्यात. म्हंजी पीठ दळणारा, शेतातलं काय कळत न्हाई असला. म्हणलं, आज दाखवतोच. भर दुपार. वारा पाठीमागनं. आणि म्या बांधाच्या खालच्या अंगानं काडी लावली. का, तर तिकडं सावली हुती!

तुमास्नी सांगतो, तो राब भाजला न्हाई, तो पळाला! म्या चप्पल घेऊन मागं, पाला घेऊन मागं, धपाधप मारतोय, धोतर असतं तर तेबी सोडून मारलं असतं. कसाबसा इझला. धूर येत हुता जरा, बांधाच्या कडंला, म्हणलं धूर काय, धूर येतोच. खाली गेलो, हातपाय धुतलं, कोंबडीचा रस्सा खाल्ला, मंगलला आणि अश्विनीला, म्हंजी आमच्या लेकीला, गाडीवर घेतलं आणि आलो किकवीला. सांजच्याला मेव्हण्याचा फोन. डोंगर पेटलाय म्हणून. माझ्या हातातलं दळणाचं डबडं खाली पडलं. ते बाजरीचं हुतं, कुणाचं हुतं ते आठवत न्हाई.

तवापासनं, देवाशप्पत सांगतो, मला झोप न्हाई. धूर दिसला की छातीत धस्स हुतंय. शेजारी बंब पेटवतो सकाळी, तर म्या उठून बघून येतो. मंगल म्हणती, तुमास्नी काय झालंय? म्या म्हणतो, ऊन लई हाय.

बरं, येवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. चैत्रात सासऱ्यांचा फोन आला. गावानं ठरवलंय म्हणं. वणवा कुणी लावला त्याचा छडा लावायचा. सरकारी माणसं येऊन पंचनामा करून गेली, पण त्यांच्या कागदावर ‘अज्ञात कारण’. वाडीला ते पटलं न्हाई. तो लाल गोलातला मंगळवार, त्या दिवशी देवीच्या देवळात बेलभंडारा उचलायचा. वणव्याच्या दिवशी वाडीत जो जो हुता त्यानं, घरटी, लेकी-जावयांसकट. हातात बेलाचं पान, त्यावर देवीचा भंडारा, आणि म्हणायचं, म्या डोंगर पेटवला न्हाई. झालं! आणि खोटं म्हणलं तर?

म्या मंगलला विचारलं, आपलं सहज, भाजी निवडत निवडत, की खोटा भंडारा उचलला तर काय हुतंय गं? ती म्हणली, “आमच्या आज्याच्या वक्ताला एकानं उचलला हुता. आठ दिसांत तोंड वाकडं झालं. मेला तवाबी वाकडंच हुतं.” आणि शेंगा सोलत बसली! तवापासनं दाढी करताना म्या आधी तोंड बघायचो, सरळ हाय का. अजून भंडारा उचललाबी न्हवता, तरी डावी बाजू मला जरा उतरल्यावानी वाटायची.

म्हंजी गेलो आणि खोटं बोललो तर देवी. गेलो आणि खरं बोललो तर सोनबा. सोनबा म्हंजी कसा, भाताचं पोतं एका हातानं खांद्यावर टाकतो, आणि त्याचाच गोठा जळालेला. आणि गेलोच न्हाई, तर सगळी वाडी म्हणणार, का आला न्हाई? जायाचं कसं, आणि न जायाचं कसं?

मंग म्या न जायाच्या तयारीला लागलो. आधी म्हणलं, गिरणीच्या दगडाला टाकी लावायची झालीय, घासून गुळगुळीत झालाय, पीठ जाडं पडतंय. मंगल म्हणली, मी माणूस बोलावून परवाच लावून घेतली, तुमी तवा कॅलेंडर बघत हुता. मंग म्हणलं, पोटात कळ येतीय. तिनं ओव्याचा काढा दिला. इतका कडू, की कळ खरीच आली. मंग म्हणलं, अगं तितं आता बघायला काय उरलंय, राख हाय, लेकीला खोकला हुईल, नाकात जाईल. तर ती म्हणली, “आई फोनवर रडत हुती. म्हणली, औंदा कुणीच येत न्हाई गं. किल्ला बघायला येणारी पोरंबी वाट बदलून जात्यात. निदान तुमी तरी या.”

म्या बॅग काढली.

सोमवारी निघालो. नसरापूर गेलं, मार्गासनी गेली, आणि तो डोंगर दिसला. तुमास्नी खरं सांगतो, तितं माझी हसायची टाप न्हवती. इतकी वर्सं बघतोय, मे महिन्यात तो पिवळा असतो, वाळल्या गवताचा. औंदा काळा. झाडं उभी, पण नुसती खोडं. अश्विनी मागनं म्हणली, पप्पा, डोंगर मेला का? म्या गाडी बाजूला घेतली. म्हणलं, साखळी बघतो. साखळीला काय झालं न्हवतं. रस्त्याच्या कडंला बसून म्या नाक पुसलं आणि मनात म्हणलं, आई देवी, तोंड वाकडं कर, हात वाकडा कर, पण ह्या पोरीला कळू देऊ नको.

वाडीत गेलो तर माणसं काय मोडून पडलेली न्हवती. सोनबाच्या गोठ्याला नवे वासे चढले हुते. जळल्या आंब्याच्या बुडख्याला तांबडी पालवी फुटली हुती, सासूनं हाताला धरून नेऊन दाखवली. जो तो चांगलं बोलत हुता. लईच चांगलं. सोनबानं तर मला उठून खाट दिली. म्या म्हणलं, ह्यांना कळलंय. बोकडाला बी आदल्या दिवशी चांगलंच खायाला घालत्यात. त्या दिवशी म्या एकच भाकर खाल्ली, सासू म्हणली, जावई लई भिडस्त.

मंगळवार. देऊळ. पितळेच्या ताटात बेलाची पानं, मधी भंडाऱ्याचा ढीग. धोंडाबाई पायरीवर बसलेली. ही वाडीतली सगळ्यात म्हातारी, देवीची दिवाबत्ती तिच्याकडं, तिच्या पुढं सरपंचबी विडी लपवतो. ती म्हणली, ज्यानं डोंगर पेटवला न्हाई त्यानं पुढं यावं आणि उचलावा.

कुणी उठंना.

धोंडाबाईनं सोनबाकडं बघितलं. तो म्हणला, आधी थोरामोठ्यांनी. थोर माणसं म्हणली, आमचं काय, आमी पिकली पानं, आधी कर्त्या माणसांनी. कर्ती माणसं आमच्या सासऱ्यांकडं बघाय लागली. सासरे उठलं, टोपी सारखी केली, घसा खाकरला, म्हणलं, “रीत काय हाय? घरात पावणा असताना घरच्यांनी आधी हात घालायचा का? जावयाला मान!” आणि सगळं देऊळ एका आवाजात म्हणलं, व्हय व्हय, जावयाला मान!

असला मान वैऱ्याला मिळू नये! म्या उठलो कसा, चाललो कसा, मला म्हाईत न्हाई. हातावर पान ठेवलं, भंडारा सगळा सदऱ्यावर सांडलाय, समोर देवी, तिचे ते चांदीचे डोळे, बाजूला सोनबा, पाठीमागं माझी लेक. तोंड उघडलं तर डावी बाजू हालंना! म्हणलं, झालं, वाकडं झालं, खोटं बोलायच्या आधीच झालं! आणि माझ्या तोंडातनं निघालं, “म्या लावला. म्याच लावला. वाऱ्याच्या अंगानं काडी लावली, सावलीला उभा राहून. मला माफ करा.”

आणि म्या डोळे मिटून घेतले. म्हणलं, आता सोनबाचा हात येईल.

सोनबाचा हात आला. पाठीवर. हळूच. डोळे उघडतो तर सगळी वाडी कशी मोकळी झालेली! माणसं उसासे सोडत्यात, बाया पदर सारखा करत्यात, कोणतरी म्हणतंय, माणूस हाय, चुकायचंच. दुसरा म्हणतोय, शहरगावचा, त्याला काय रीत म्हाईत. अवो, किकवी कवापासनं शहर झालं! आणि धोंडाबाईनं घाईघाईनं ताट उचललं. म्हणली, “माणूस सापडला. आता बाकीच्यांनी उचलायचं कारण न्हाई.” आणि गेली आत.

दंड काय, तर दर वर्षी शिमग्यापासनं पाऊस पडंस्तवर, दर रविवारी येऊन डोंगराच्या कडंनं पट्टा साफ करायचा, गवत काढून, म्हंजी जाळ पुढं जाणार न्हाई. आणि आंब्याच्या पालवीला पाणी. म्या कबूल केलं. म्हणलं, सुटलो. खरंच, इतकं हलकं वाटलं, की महिनाभरानं पयल्यांदा पोटभर जेवलो.

जेवून हात धुतोय तर सासरे आलं. इकडंतिकडं बघितलं. म्हणलं, “जावईबापू, जरा बाजूला या.” गेलो गोठ्यामागं. म्हणलं, “तुमचा जाळ बांधावरच इझला हुता. मी येऊन बघितला, माती टाकली वर. मंग म्हणलं, आता कोण पुना येतंय, खालचा तुकडाबी आत्ताच भाजून घ्यावा. वारा हुता. पण मीबी घाई केली. तो माझ्या हातनं गेला वर.” आणि डोळ्यांत पाणी. म्या म्हणलं, मामा, जाऊ द्या.

परत येतोय तर वाटंत सोनबा. जावई, जरा बाजूला या. त्यानं गंजीमागं विडी वढली हुती आणि थोटूक कुठं टाकलं ते आठवत न्हाई. स्वतःचा गोठा स्वतःच जाळला ह्या भीतीनं बिचारा दोन महिने बायकोशी बोलला न्हवता. त्याला बसवलं, पाणी पाजलं. सांजच्याला धोंडाबाईनं बोलावलं, देवळाच्या मागं. चुलीतली राख उकिरड्यावर टाकली, त्यात इंगळ हुता. म्हणली, देवीची वात लावताना हात थरथरतोय रं लेकरा, दोन महिनं झालं. आठ दिवसांच्या मुक्कामात, मोजून सांगत न्हाई, पण सतरा घरांतलं एक घर न्हाई जे मला बाजूला घेऊन गेलं न्हाई! समद्यांनी त्याच दिवशी काय ना काय पेटवलं हुतं, आणि जो तो आपल्या आपल्या पुरता भिऊन बसला हुता. डोंगर नक्की कुणी जाळला ते आता देवीलाच ठाऊक.

आणि मला समद्यांनी वर काय सांगावं? कुणाला बोलू नका. म्या न्हाई बोललो. हे आपलं तुमास्नीच सांगतोय, दार लोटलंय म्हणून. पण आता माझी भीती निराळीच झालीय. देवीची न्हाई, सोनबाची न्हाई. रविवारी पट्टा साफ करायला जातो, खाली मान घालून खुरपं चालवतो, आणि कुणाची पावलं वाजली की अंगावर काटा येतो.

परवा किकवीला घरी आलो. मंगलनं पाणी दिलं, अश्विनीला बाहेर खेळायला घालवलं, पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि म्हणली, “अवं, जरा बाजूला या.”

म्या म्हणलं, बोल, तूबी बोल.