विहिरीच्या तळासाठी बॅटरी

गंगाखेडच्या मोटर-पंपाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या, बाकड्यावर टेकलेल्या पार्वतीबाईंनी कान टवकारले. विहिरीत बुडी मारणारा भुजंग पाण्यात चालणारी बॅटरी निवडत होता. ज्याच्या विहिरीत उतरायचं, तो महारुद्र शेजारीच उभा होता.

"महारुद्रभाऊ, हीच घ्या. झोत बारीक हाय, पण कडक. गढूळ पाण्यात पसरट उजेड उलटा डोळ्यावर येतोय."

"ती लहान चालंल की."

"तिनं हातभर बी दिसायचं न्हाई. मायची सोन्याची पोत काढायची हाय ना?"

"हाव."

"हिरीत पडली कशी?"

"पाणी शेंदताना."

"मोटर असून माय शेंदती?"

"तुमी लहानच घ्या."

"आवो, मला तळ दिसाया नको?"

"मायला तुमी बुडी मारलेली दिसली म्हंजे झालं."