नऊ नंबरचा वाफा

संशोधन केंद्रात मातीचा अहवाल घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या शेतकऱ्याच्या रानात केंद्राचा सूर्यफुलांचा प्रयोग चालू होता. तो पिकाची मोजणी करणाऱ्या ताईंशी बोलत होता.

“ताई, वहीत फुलांची दिशा तुम्ही ‘पूर्व’च लिहिलीत ना?”

“हो काका. पिकलेलं सूर्यफूल पूर्वेलाच राहतं. मान ताठ झाली की वळत नाही.”

“नऊ नंबरच्या वाफ्यातली वळली होती. आमच्या घराकडे, आबांच्या खिडकीकडे. सांगितलं होतं मी.”

“वाऱ्याने झुकली असतील, म्हटलं.”

“बाकीच्या अकरा वाफ्यांना वारा नव्हता का? आबा तेव्हा धडधाकट होते. आठव्या दिवशी गेले.”

“आणि फुलं?”

“त्याच संध्याकाळी पूर्वेला. जसं काही झालंच नाही.”

“मग झालं की, काका.”

“काल पुन्हा वळली.”

“खिडकीकडे?”

“नाही. बांधावरच्या दगडाकडे.”

“तिथे तर मी बसते. दर मंगळवारी, वही घेऊन.”

“म्हणून तर हातातलं काम टाकून आलो, पोरी.”

ताईंनी वही उघडली. नऊ नंबरच्या रकान्यावर पेन टेकवलं.

“दिशा काय लिहू, काका?”

“पूर्वच लिही. पण या मंगळवारी येऊ नकोस.”