काच घासायचं मशीन

(चष्म्याचं छोटं दुकान, टळटळीत दुपार. दुकानदार काच घासायच्या मशीनला पोतं गुंडाळतोय. आई खुर्चीत. दारात त्याची वहिनी.)

वहिनी : पोतं सोडा भाऊजी. मशीन न्यायला माणसं यायच्या आत मला बोलायचंय.

चष्मेवाला : बोला की. हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत.

आई : सकाळपासून तिघं येऊन गेले, सूनबाई. तिघांनी एकच विचारलं, फुकट चष्म्यांचं शिबिर कधी आहे म्हणून.

चष्मेवाला : मी म्हटलं, आमच्या वहिनींना विचारा. शिबिर भरवणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या दुभाषी त्याच.

वहिनी : टोमणे नंतर मारा.

चष्मेवाला : टोमणा कसला, खरंच तसं सांगितलं. पूर्वी काडीचा स्क्रू पडला तरी माणूस माझ्याकडं धावत यायचा. आता काडी दोऱ्यानं बांधतो आणि शिबिराची वाट बघतो. फुकट ते पौष्टिक. मीही तेच केलं असतं.

वहिनी : आणि समोरचा शिंपी? सुईत दोरा ओवता येईना म्हणून घरी बसला होता. शिबिरातल्या चष्म्यानं त्याचं दुकान पुन्हा उघडलं ना?

चष्मेवाला : मी त्याला उधारीवर देत होतो.

वहिनी : तो मेला तरी उधारी करणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

चष्मेवाला : होतं. त्याचं दुकान उघडलं ते बरंच झालं. माझं बंद होतंय, एवढंच म्हणतोय मी.

वहिनी : मशीन विकू नका.

चष्मेवाला : दलालाला शब्द दिलाय. संध्याकाळी टेम्पो येतोय.

वहिनी : शिबिर बंद होतंय, भाऊजी. यंदाचं शेवटचं. निरोपाच्या कार्यक्रमापर्यंत कुठं बोलायचं नाही असं मला बजावलंय. पण तुमचं मशीन एकदा गेलं, की या गावात चष्मा मिळायचाच नाही.

आई : बंद? मग माझ्या चष्म्याचं काय?

चष्मेवाला : तुझ्या? आई, तू पण गेली होतीस शिबिराला?

आई : सगळ्याजणी चालल्या होत्या, मी एकटी मागं कशी राहू? बाहेर जाताना घालते फक्त. घरात तुझाच असतो की. पण फ्रेम किती हलकी आहे रे.

चष्मेवाला : झालं. आता बोलायचं कुणाला. वहिनी, बंद का करतायत?

वहिनी : दुसऱ्या एका देशात गरज जास्त आहे म्हणे. असेलही. आपण काही जगातले सगळ्यात गरीब नाही.

चष्मेवाला : तेवढंही नशीब नाही आपलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्य आधी मेला, गरज आहे तिथंच आहे.

वहिनी : अजून ऐका. त्या दलालाकडून तुमचं मशीन हे शिबिरवालेच विकत घेतायत. मशीन कुणाचं, ते त्यांना ठाऊक नाही. पण खरेदीचा कागद त्यांना वाचून दाखवला मी, त्यात गाव आपलं, आणि गावात मशीन आहे एकच.

चष्मेवाला : त्यांना कशाला मशीन? ते तर तयार चष्मे वाटतात.

वहिनी : तिकडं वाटणार नाहीत. तिथल्याच एका माणसाला मशीन देणार, काम शिकवणार, तो लोकांना परवडेल अशा भावात विकणार. नुसतं फुकट वाटून मागं काही उरत नाही, इथं चुकलं ते तिथं करायचं नाही म्हणतात. त्यांच्या मोठ्या बाई अगदी मनापासून बोलत होत्या.

चष्मेवाला : म्हणजे न्हावी आमच्या डोक्यावर शिकला आणि आता परगावी दुकान थाटतोय. चुकलं हे त्यांना कधी कळलं?

वहिनी : दोनेक वर्षं झाली.

चष्मेवाला : आणि तुम्हाला?

वहिनी : मी याच रस्त्यानं कामाला जाते, भाऊजी. दिसत होतं. पण तिथं रांगेतली एखादी म्हातारी चष्मा लावून नातवाचं तोंड बघायची, आणि रडायलाच लागायची. तिला काय सांगू, ऊठ, घरी जा, माझ्या दिराचं दुकान बसतंय?

आई : चांगल्या मनानंच केलं ना पण त्यांनी.

चष्मेवाला : केलं ना. मनाबद्दल तक्रार नाही माझी. पण वाटायला बसण्याआधी कुणीतरी इथं डोकावायचं होतं. बाबा रे, तू काय करतोस, तुझं कुठं अडतंय, एवढं विचारायचं. इतक्या वर्षांत एक माणूस फिरकला नाही.

वहिनी : आता निरोप आलाय. तिकडच्या माणसाला शिकवायला तुम्ही चला म्हणतात, महिनाभर. पैसे बरे देतील, दुकान पुन्हा रुळावर येईपर्यंत घर चालेल. तुमचं नाव मीच सुचवलं. तेव्हा कुठं त्यांना कळलं, की इथं चष्मेवाला आहे.

आई : आणि दलालाला दिलेला शब्द?

चष्मेवाला : मोडणार. आजवर मोडला नव्हता, खाईन चार शिव्या. आई, त्या टेम्पोवाल्याला चहा पाजून परत लावून दे. आणि हे पोतं धर जरा, गाठ घट्ट बसलीय.

वहिनी : म्हणजे मशीन राहतंय. आणि तुम्ही? जाताय की नाही? मला उद्या उत्तर द्यायचंय.

चष्मेवाला : आधी त्यांना एक विचारा. जिथं चाललेत, तिथं चष्म्याचं दुकान आहे का कुणाचं?

वहिनी : एवढा मोठा देश. असेलच की एखादं.

चष्मेवाला : मग उतरल्यावर मला पहिल्यांदा त्याच्याकडं न्या म्हणावं. तेवढं कबूल असेल तर येतो.