बाजीरावांचा नवस आणि मांतोवाचा गोल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले जनरल मॅनेजर माननीय प्रधानसाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपले जनरल फोरमन श्री. बाजीराव असवले, त्यांच्या शेजारी नव्या पैठणीत अवघडून बसलेल्या नंदावहिनी, आणि भाषणं कधी संपतात नि चिवडा कधी फिरतो याची वाट बघणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी सीताराम केदारी, टूलरूममधला फिटर, मुक्काम वलवण. माझ्या आधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी बाजीरावांच्या इटलीच्या दौऱ्याचा गौरव केला. कुणी म्हणालं, कर्तबगारीवर गेले. कुणी म्हणालं, आपल्या टाकव्याच्या कारखान्याचं नाव सातासमुद्रापार नेलं. पण ते गेले कसे, हे एकानेही सांगितलं नाही. आता हे काम शेवटच्या वक्त्यानं नाही करायचं, तर कुणी करायचं?

सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट. कारखान्यात इटलीहून नवी यंत्रं आली आणि ती बसवायला रोसेत्ती नावाचे साहेब आले. परत जाताना ते इथला एक माणूस सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी तिकडे नेणार होते. वर्षभर त्या यंत्रांखाली उताणा पडून मी ग्रीस खाल्लं, त्यामुळे ती जागा आपलीच, असा माझा समज. बाजीराव यंत्राकडे बघत नव्हते. ते साहेबांकडे बघत होते. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

साहेबांना फुटबॉलचं भारी वेड. तिकडच्या सर्वांत वरच्या साखळीत त्या हंगामात दोन संघांची चुरस लागली होती, मिलानोचा इंटर आणि तोरिनोचा युव्हेंटस. साहेबांना घरून गुलाबी कागदावर छापलेला खेळाचा पेपर टपालानं यायचा, तोही दोन-तीन आठवडे शिळा. पेपर उघडला की साहेब "इंटर! इंटर!" म्हणून ओरडायचे आणि टेबलावर मूठ आपटायचे. बाजीरावांनी ताडलं, साहेब इंटरचे. पुरावा काय? तर यंत्रांच्या खोक्यांवर 'मिलानो' असा शिक्का होता. खोकं मिलानोचं, म्हणजे साहेबही मिलानोचे! एकदा त्यांनाच विचारावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. साहेबाचं मन विचारायचं नसतं, ओळखायचं असतं, हे बाजीरावांचं तत्त्व.

मग काय विचारता! इंटर जिंकला की बाजीराव चिक्कीचा पुडा घेऊन केबिनमध्ये हजर. "साहेब, आपला इंटर लय भारी!" साहेब लालबुंद. बाजीराव बाहेर येऊन आम्हाला सांगणार, "आनंदानं त्वांड कसं लाल झालंय बगा!" कॅन्टीनच्या शालूबाई एकदा म्हणाल्या, "आवो, पर साहेबानं जेवान टाकलंय की." तर म्हणाले, "हर्षानं भूक मरती, मावशी."

हंगामाचा शेवटचा सामना उरला. इंटर एका गुणानं पुढं, आणि गाठ पडली मांतोवा नावाच्या लहान गावाच्या संघाशी. आपल्या इंदुरी गावच्या पोरांनी मुंबईच्या संघाशी खेळावं, तसा मामला. तरी धोका नको म्हणून बाजीराव अनवाणी कार्ल्याच्या एकवीरेचा डोंगर चढले आणि इंटरसाठी कोंबड्याचा नवस बोलून आले. मी म्हटलं, "बाजीराव, सामना मागच्या आठवड्यातच झालाय. पेपर यायचाय, एवढंच." ते म्हणाले, "देवीला तारखंचं बंदन न्हाई, सीताराम."

यथावकाश पेपर आला. बाजीरावांनी त्याला हार घातला आणि ताशा लावून केबिनपर्यंत मिरवला. साहेबांनी घडी मोडली. मांतोवा एक, इंटर शून्य. गोलरक्षकाच्या हातून साधा चेंडू निसटून आत गेला होता. तिकडे युव्हेंटस जिंकला आणि एका गुणानं अजिंक्यपद घेऊन गेला. बाजीरावांनी साहेबांच्या खांद्यावरून आकडे वाचले आणि घरचं माणूस गेल्यासारखा गळा काढला. आणि साहेब? साहेब टेबलावर चढून नाचत होते! माणूस मूळचा तोरिनोचा, लहानपणापासून युव्हेंटसचा. वर्षभर आपण इंटरचा जो जप ऐकला, त्या शिव्या होत्या.

तुम्ही-आम्ही असतो तर जमिनीत गेलो असतो. बाजीरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "साहेब, ह्ये आनंदाचं पानी हाय."

पेपरावरचा हार बघून साहेबांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम इंटर के लिए पूजा किया?" बाजीरावांनी मान खाली घातली. "और इंटर हार गया?" मान आणखी खाली. साहेबांनी टेबलावरून उडी मारून त्यांना मिठीच मारली. "तुम इटली चलो! उधर भी इंटर के लिए पूजा करो!"

मंडळी, तुम्ही हसताय. मी हसलो नव्हतो. मला राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांनीही तो पुरता गेलेला नाही. वहिनी, माफ करा. तिकडे सहा महिने बाजीराव काय शिकले ते देव जाणे, कारण यंत्र अडलं की बोलावणं अजून मलाच येतं. पण नवस मात्र निष्ठेनं बोलले असावेत. पुढच्या वर्षीही इंटरला अजिंक्यपद मिळालं नाही.

आज बाजीरावांची खुर्ची रिकामी होते आहे. तिच्यासाठी प्रधानसाहेबांपुढे दोन नावं आहेत, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. एक माझं, आणि दुसरं तिसऱ्या रांगेत गालातल्या गालात हसणाऱ्या आमच्या हौशीरामचं. निकाल उद्या लागणार. अशात आज सकाळी बाजीराव टूलरूममध्ये आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. म्हणाले, "सीताराम, त्या येळंला तुजी जागा मी घेतली, लय लागून ऱ्हायलंय मनाला. म्हून काल एकवीरेला गेलतो. माज्या खुर्चीत तूच बसावास असा नवस बोललोय."

तेव्हापासून माझ्या घशाखाली चहा उतरलेला नाही.

असो. मला बोलू दिलंत याबद्दल संयोजकांचे आभार. ओघात जीभ घसरली असेल, कुणाला लागलं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. प्रधानसाहेबांनी निर्णय कदाचित आधीच घेऊन ठेवला असेल. पण आमच्या बाजीरावांच्या देवीला तारखेचं बंधन नाही. तेव्हा बाजीराव, सगळ्यांदेखत हात जोडून एकच मागणं मागतो. चिवडा खाऊन लगेच निघा, कार्ल्याला जायला अजून गाडी आहे. देवीपुढं उभे राहा, आणि तोच नवस हौशीरामसाठी बोलून या.