डोंगराघरचं पानी

माहं माहेर पूर्णेच्या काठी, दर्यापूरच्या खालतं, खारपानात. खारपान काय असते हे तुमाले कागदावर लिहून समजनार नाई मास्तर, त्याच्यासाठी तिथल्या विहिरीतली एक बादली ओढून पाहा लागते. पानी दिसाले असं चांगलं का पाहतच राहावं, अन् तोंडात घेतलं का थू करून फेकावं. आंघोय केली तं आंगावर पांढरं धरते, अन् दाय तं शिजतच नाई. आमच्या गावच्या बुढ्या बाया म्हनत, आपल्या गावची दाय अन् आपल्या गावची सासू, कितीबी जाय लावा, नरम पडनार नाई. प्याचं पानी नदीच्या रेतीत झिरा खोदून वाटीवाटीनं काढाचं, माह्या मायची सारी जिंदगी त्या झिऱ्याजोळ वाकून गेली. पन माती! काय सांगू तुमाले, माती अशी का हरबरा नुसत्या ओलीवर येते, वरतून थेंब नाई पडला तरी येते. माहा बाप म्हने, देवानं एका हातानं वाढलं अन् दुसऱ्या हातानं मीठ सांडलं.

आमच्या गावातून सातपुडा दिसे, पाऊस उघडला का उत्तरेले निया निया, आडवा पसरेल. मले लहानपनी वाटे का दुनिया तिथंच सरते, त्याच्या पलीकडे काई नसन. अन् मले देल्ली ती नेमकी तिथंच, अंजनगावच्या वरतं, डोंगराच्या पायथ्याले. बाप म्हने, पोरीले आनखी काई नाई मियालं तरी चालते, गोड पानी मियालं पाहिजे.

सासरचे पानमयेवाले. खाच्या पानाचे वेल, त्याले रोज पानी लागते, एक दिवस चुकलं का वेल रुसते. तिथं पान्याची काय कमी, डोंगरातून नाला येते, विहिरीले बारा महिने पानी, अन् काय गोड! पयल्या दिवशी तं मी पानी पेत पेतच रडली, मायची आठवन आली. दुसऱ्या दिवशी सासूनं चुलीजोळ बसवलं, म्हने, कर सैपाक. दाय घडीभरातच शिजून पीठ झाली, मले वाटलं माह्या हाताले गुन आला. सारे जेवाले बसले. आत्याबाईनं, म्हन्जे माह्या सासूनं, एक घास खाल्ला अन् इचारलं, पोरी, मीठ टाकाचं राह्यलं का? मी म्हनलं, मीठ तं पान्यातच असते ना. असे हासले सारे का मामाजीले, माह्या सासऱ्याले, ठसका लागला. कित्येक वर्सं गावात माहं नावच खारी पडलं होतं, नाल्यावर बाया हाक मारत, ए खारी, आज मीठ टाकलं का.

तं सांगत काय होती, डोंगराचं. पायथ्याच्या मानसाचं सारंच डोंगरावर चालते मास्तर. जवारी कापाले आली का कोरकू लोकं वरून उतरत, बायकालेकरं घेऊन, संगं मोहफुलं, चारोई, बांबू. कापनी झाली का जवारी अन् मीठ घेऊन वर जात. अन् उन्हाया लागला का आमचे ढोरं वर जात. आमच्या गावची रीतच हाये ती. मोती कोरकू म्हनून होता, जंगलवाल्याचा पास काढून साऱ्या गावचे रिकामे बैल, भाकड गाई हाकलत नेई. वर झऱ्याले पानी, झाडोऱ्यात चारा, सावली. मिरग लागाच्या आंधी उतरवून आने, ज्याचं त्याले देई. इंग्रजाचं राज, नागपूरले सरकार, पन आमचा खरा मालक तो उभा हाये ना समोर, तोच.

मंग एक साल असं आलं का पाऊस अर्ध्यातच गेला. आमच्या विहिरीचं बी पानी खाली गेलं, पन होतं. खारपानात झिरे आटले, कडबा सरला. चैतात एक दिवस भर दुपारी दाराशी घंटा वाजली, पाहतो तं माहा बाप. संगं त्याची जोडी, पाखऱ्या अन् चांद्या. बैलाचे हाडं मोजून घ्यावे असे. बाप कडुनिंबाखाली उभा, होट फुटले होते, बोलाले जीभ वयत नव्हती, अन् ओट्यावर काई येत नव्हता.

आमच्यात असं हाये, तुमच्यात बी असन, लेकीले लेकरू झाल्यावाचून बापानं तिच्या घरचं पानी पेऊ नये. माहा बाप तसा कडक. मले लेकरू नव्हतं झालं अजून. आंधी आला का गावच्या मारोतीजोळ कोनाच्या तरी विहिरीवर पेऊन याचा, अन् माह्या दाराशी कोरडाच बसाचा. त्या दिवशी तिथं बी थांबला नव्हता. मी बैलाईपुढं बादली ठेवली, तं ते नुसते हुंगून राहिले, पेईनात, त्याईले गोड पान्याची वयख कुठची. मी मूठभर मीठ टाकलं, तवा प्याले. रडू का हासू असं झालं मले.

बाप म्हने, परतवाड्याच्या बजारात चाललो, जोडी इकाले. आवाज असा का कोन्या दुसऱ्याचेच बैल. आमचे मालक म्हनाले, मामा, अशा साली बैल घेनार कोन, कसाईच घेईन, अन् मिरगात पेरसान कायनं? परवा मोती ढोरं वर नेते, आमच्यासंगं तुमचे बी जाऊ द्या. बाप म्हने, नाई जावई, लेकीच्या घरचा चारापानी मी खाल्ला असं होईन, लोकं काय म्हनतीन. मालकानं हात जोडले, मामाजी बोलले, पन बुढा आयकेच ना, बैल सोडाले लागला. मी दाराच्या आड उभी राहून रडून राहिली होती. ते बैल गेले असते तं वावर पडीक, अन् वावर पडीक पडलं असतं तं माहा बाप जगला नसता, हे मले ठाऊक होतं.

तेवढ्यात आत्याबाई निंघाल्या. जिभीच्या तिखट, साऱ्या गावाले धाक. तांब्या भरून आनला अन् बापासमोर उभ्या राहिल्या. म्हने, इवाई, तुमी लेक कोनाले देल्ली? बाप म्हने, तुमाले देल्ली ईहीनबाई. मंग, आत्याबाई म्हने, विहीर आमी खोदली हे खरं, पन पानी तं त्या डोंगराचं हाये. चारा बी त्याचाच. डोंगराच्या घरी तं तुमी लेक देल्ली नाई ना? मंग त्याच्या घरचं प्याले तुमाले कोनाची बंदी? आमी मधात लागतो कोन?

बाप डोंगराकडं पाहत राह्यला. मंग म्हने, खरं हाये ईहीनबाई, आमची माती बी त्याचीच होय, पूर्णा दर पुराले त्याचीच माती आनून आमच्या वावरात टाकते. माती आमाले देल्ली, पानी तुमच्यापाशी ठेवलं. अन् खाली बसला, दोनी हात जोडून तोंडापाशी वंजय केली. आत्याबाईनं तांब्या माह्या हाती देल्ला, म्हने, तू घाल. मी घातलं. धोतर भिजलं, मिशा भिजल्या, तरी वंजय काई हटवे ना. सारा तांब्या प्याला माहा बाप.

बैल वर गेले. जाताना बापानं मोतीले मिठाची पुडी देल्ली, म्हने, माह्या बैलाले चटक हाये. मिरगाच्या आंधी उतरले तवा बापानं वयखलेच नाई, आंगावर चमक, वशिंड भरेल. पाखऱ्याच्या गयाले मिठी मारून बुढा लेकरावानी रडला. पेरनी झाली. मंग दर उन्हायात येई, त्याच्या गावचे बाकीचे बी याले लागले. आता चैतात आमचं आंगन खारपानातल्या ढोराईनं भरते, अन् मांघात तिकडून हरबऱ्याचे पोते येते.

तुमी मघाशी पुसलं का लेकरंबाकरं किती. नाई झाले मास्तर. नवस केले, उपास केले, नाई झाले. आत्याबाईनं एक शब्द बोलून दाखवला नाई, मालकानं दुसरी केली नाई. आत्याबाई गेल्या, मांगच्या साली माहा बाप गेला. ती रीत धरून बसला असता तं मरेपावतर माह्या दाराशी कोरडाच बसला असता तो. पन त्या सालापासून जवा जवा आला तवा घंटा वाजाच्या आंधी त्याची हाक आयकू ये, खारे, पानी आन वं. देवानं काई कमी नाई केलं मास्तर. माहा बाप माह्या हातचं पानी पेऊन गेला.