डब्यातला हात

— हाव, मार ना तारांवर हात, घाबरून काहून राहिली? तुटत नाही. अन तुटली तरी काय, तार आहे, नवी लागते. बस आधी. तिथं नको, इकडं सरक — तिथं खाली पोकळ आहे, फळी वाजते. खड्डा आहे ना खाली, मागाचा. माझे बाबा तिथं पाय सोडून बसायचे अन लुगडे विणायचे. ह्या तांडापेठेत आम्हा कोष्ट्यांच्या घराघरांत असा खड्डा होता. माग गेला, खड्ड्यावर फळ्या आल्या, अन फळ्यांवर मी बसतो गिटार घेऊन. बाबा म्हणायचे, खड्डा तुले सुटला नाही, तू नुसता वर आला. प्रेमलता, दोन कप चहा टाक वं, गिटार पाहाले पोरगी आली आहे — ऋतुजा नाव म्हणते — प्रताप नगरहून आली, एवढ्या उन्हात.

विकून काहून राहिलो? काही नाही, जागा नाही घरात. म्हणजे जागा आहे, तू पाहूनच राहिली आहे, पण वाजवणं होत नाही आता. दिवसभर लकडगंजात आरामशीनवर असतो, हिशेब पाहतो, लाकडाचा भुसा नाकातोंडात, घरी आलं की माणूस झोपते. नाही नाही, गिटारीत काही खराबी नाही. पोकळ पोटाची आहे, जॅझची, ह्या चिरा पाह्य दोन बाजूले — अशी नागपुरात दुसरी दाखव. अजनीच्या रेल्वे कॉलनीत फ्रान्सिस सर होते माझे, त्यांची ही. त्यांनीच शिकवलं मले. हा काळा डाग? हा सिगरेटीचा. उन्मेषनं टेकवली होती, म्हटलं ठेव गा खाली, तं ठेवली गिटारीवर. जाहिरातीच्या फोटोत दिसला असन तुले — हाव, मीच तसा काढला, डाग समोर येईन असा. गिऱ्हाइकाले खोटं नाही दाखवायचं ना, म्हणून. दुसरं काय कारण राहीन?

उन्मेष कोण म्हणजे — तू सदरच्या क्लबात कधी गेलीच नाही म्हणते? एकदाही नाही? मंग तुले कसं माहीत असन. दर शनिवारी आम्ही दोघं गिटार वाजवायचो तिथं, उन्मेष अन मी, वीसेक वर्षं झाली असन. लोक जेवाले येते तिथं, ऐकाले कोणी येत नाही, हे आधीच सांगतो. तंदुरी आली की आपला सोलो गेला. पण कोपऱ्यातल्या एका टेबलावर कोणीतरी चमचा खाली ठेवून ऐकते, त्याच्यासाठी वाजवायचं असते. तर उन्मेष सूर घेऊन फिरायला जाते अन मी मागं कॉर्ड धरून उभा राहतो — तो कुठंही जाऊ दे, परत येईन तेव्हा घर जागेवर पाहिजे. जॅझ म्हणजे एवढंच आहे वं, मोबाईलवर पाहून शिकली ना तू, तिथं सांगत नाही कोणी. अन बोलायचं नाही. मान हलवायची. त्याचं झालं की तो माझ्याकडे पाहून मान हलवते, म्हणजे आता तू घे. माझं झालं की मी. आमच्यात तं भांडण झालेलं असलं, महिनाभर बोलणं बंद असलं, तरी मान हलायची. प्रेमलता म्हणायची, घरी माझ्याकडे पाहून तं कधी एवढी हलवली नाही.

अन कालचं आज वाजवायचं नाही. तेच गाणं, पण आज दुसऱ्या रस्त्यानं. फ्रान्सिस सरांचा हा एकच धाक होता — तेच ते वाजवायचं असन तं रेडिओ लाव म्हणायचे. मी उन्मेषले सांगितलं, उन्मेषनं त्याच्याकडे शिकणाऱ्या दहा पोट्ट्यांना सांगितलं. सांगायले काय जाते.

मंग त्यानं डबा आणला. पायानं दाबायचा डबा येते ना तो, लूपर — तुले माहीत असन, तुमच्या पिढीले सगळं माहीत असते. एकदा वाजवलं की तो पकडून ठेवते अन फिरवत राहते, फिरवत राहते. मले म्हणे, ताराभाऊ, तुम्ही मशीनवर थकून जाता, सारखं येणं होत नाही, तुमचे कॉर्ड ह्यात भरून द्या, मी घरी रियाज करत जाईन. मी म्हटलं, भर. उलट मले बरंच वाटलं. ह्या फळीवर बसून भरून दिलं वं — एकेक गाणं, दोन-दोनदा, समोर माइक ठेवून, पंखा बंद करून, घामानं निथळत. प्रेमलतानं त्याले वडाभात खाऊ घातला. कोणी आपला हात मागून राहिलं अन आपण हात धुऊन, पुसून देऊन राहिलो, असं होतं ते.

दिवाळीनंतरची गोष्ट आहे. उन्मेषचा फोन आला, ताराभाऊ, क्लबात रंगकाम निघालं, दोन-तीन शनिवार सुट्टी. म्हटलं चला, बरं झालं. त्या शनिवारी प्रेमलताले चष्मा घ्यायचा होता तं सदरले गेलो, संध्याकाळी, दिवेलागणीले. क्लबाच्या खालच्या फुटपाथनं चाललो होतो अन ही थांबली. म्हणे, अहो, तुम्ही तं इथं उभे आहे, मंग वर कोण वाजवून राहिलं?

मी वाजवून राहिलो होतो. कसं ओळखलं म्हणजे? माझा पाय होता ना त्यात. मी वाजवताना पाय मारतो फळीवर, बाबा पावडी दाबायचे तसा, दोन जोरानं अन एक हलका — फळी पोकळ, आवाज घुमते. क्लबात खाली गालिचा आहे, तिथं पाय वाजत नाही. हा माझ्या घरचा पाय होता. अन चूक. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मी एक मात्रा आधी येतो, नेहमीची सवय आहे, जात नाही. पण क्लबात एकदाच होते ती. उन्मेष नजर टाकते, जरा थांबून सावरून घेते, कोणाले कळत नाही, पुढच्या फेरीत मी बरोबर येतो. इतकी वर्षं सांभाळली त्यानं माझी ती चूक — खोटं नाही बोलणार. पण डब्यात नजर कोण टाकीन? तिथं मी दर फेरीले चुकून राहिलो होतो. फिरून आलं की चुकलो, फिरून आलं की चुकलो. अन लोक टाळ्या वाजवून राहिले होते. मी वर नाही गेलो. प्रेमलता म्हणे, चला वर, जाब विचारू. मी म्हटलं, चष्म्याचं दुकान बंद होईन.

धर्मेंद्र आहे मॅनेजर तिथला, तो भेटला मंग बाजारात. म्हणे ताराभाऊ, तब्येत कशी आहे, उन्मेष सरांनी सांगितलं तुमच्या बोटांत आता ताकद नाही राहिली. हे पाह्य बोटं. हे पाह्य. आहे का काही? पैशासाठी केलं असतं तं समजलो असतो मी, सांगितलं असतं तं अर्ध्यात वाजवलं असतं, फुकट वाजवलं असतं. मले मारून टाकायची काय गरज होती? बोटं मारली त्यानं माझी. अन माझेच बोटं घेऊन तिथं बसला.

रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण वाट पाह्यली. कारण एक गाणं त्याच्या डब्यात नाही. हळूवालं. त्याले नाव नाही, माझंच आहे ते. धागा कमजोर असला ना, की विणकर हात हळू करते, श्वास धरून धोटा फेकते — तसं आहे ते. ते मी घरी वाजवत नाही, रियाजात नाही, फक्त क्लबात, शेवटी. मी एकटा सुरू करतो, अन अर्ध्यावर मान हलवतो, तेव्हाच उन्मेष आत येते. तेवढ्यासाठी तरी तो येईन, म्हटलं. आज ना उद्या कोपऱ्यातलं टेबल त्याले विचारीन, ते हळूवालं कुठं गेलं? तेव्हा येईन इथं, बसन, मी दोन शिव्या देईन, प्रेमलता चहा टाकीन. नाही आला. मंग मी ही जाहिरात — नाही, विकायचीच आहे गिटार, तसं नाही काही. पण म्हटलं, तो फोटो पाहीन. स्वतःचा डाग ओळखीन. ताराचंद गिटार विकून राहिला म्हटल्यावर तं धावत येईन.

तू आली. चांगलं झालं, तूच घे. वाजवून दाखवू? हाव, बरोबर आहे, आवाज ऐकल्याशिवाय कोण घेते. काय वाजवू, सांग. हळूवालं? आत्ता सांगितलं म्हणून म्हणते का? बरं. घरी वाजवत नाही मी, पण आता विकायचीच आहे तं एकदा घरचा निरोप घेऊ दे तिले. बस नीट. हलू नको.

...

— थांब. थांब वं जरा. तिथं काय आहे? चहाच्या कपाले टेकवून मोबाईल उभा केला ना तू? माझ्या सवयीनं मान हलली, समोर पाह्यलं, तं हा तुझा मोबाईल. लाल ठिपका दिसून राहिला त्यात, आवाज भरून राहिला. आठवण म्हणून? कोणाची आठवण, बेटा? खाली नको पाहू. उन्मेषकडे शिकते ना तू?

हं.

म्हणजे जाहिरात पाह्यली त्यानं. डाग ओळखला. अन तुले पाठवलं.

रडू नको, तुझा काय दोष, गुरूनं सांगितलं तं शिष्य ऐकते, मीही ऐकलंच असतं. नाही, पुसू नको ते. राहू दे, ने त्याले. कॉर्ड आहे, पाय आहे, सगळं आलं असन त्यात. तो लावीन डब्यात अन वाट पाहीन मी कधी आत बोलावतो त्याची. मान हलवलेली तं आवाजात येत नाही.

गिटार घरीच राहीन. विकायची नाही मले. चहा गार झाला, राहू दे. दार ओढून घेजो.