सातला बंद होणारं फाटक

सावंतकाकांपुढे मी तोंड उघडलं, हे अम्मीला अजून खरं वाटत नाही. काका म्हणजे अब्बांचे कॉलेजातले मित्र. आता त्या कॉलेजचं तंत्रविद्यापीठ झालंय आणि काका तिथले कुलगुरू आहेत. कामासाठी भारतातून इथे बहरीनला आले, तेव्हा आमच्याकडे जेवायला आले.

"कॉलेजात असताना लायब्ररी रात्रीही उघडी हवी म्हणून ह्यानं उपोषण केलं," अब्बा म्हणाले, "आणि सोबत मला बसवलं!"

"तू कसला बसतोस? चादरीखाली केळी खात होतास!" काका हसले.

मला तिथेच इंजिनियरिंगला जायचं होतं, पण मुलीला इतक्या लांब ठेवायला अब्बा तयार नव्हते. काका म्हणाले, "बिनधास्त पाठव. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी सातला बंद म्हणजे बंद."

अब्बांच्या कपाळावरची आठी गेली. "मग इंशाल्ला, पाठवू."

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण विचारलंच, "काका, लायब्ररी किती वाजेपर्यंत असते?"

"अकरा!" काका अभिमानाने म्हणाले.

"मग सातनंतर मुली कशा जातात?"

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. अम्मीने मला डोळ्यांनी दटावलं.

"आजवर एकाही मुलीनं हे विचारलं नाही," काका हळूच म्हणाले.

अब्बांनी त्यांच्या ताटात माशाचा तुकडा वाढला. "पुढच्या वर्षी येतेय ना विचारणारी."